घामाला वाट हवी

दहिवडीहून म्हसवडकडे जाताना उन्हाळ्यात सकाळी नऊनंतर रस्त्याला सावली म्हणून उरत नाही. एका एप्रिलात याच रस्त्यावर थोड्या थोड्या अंतरानं मला तीन पोशाख दिसले. आधी एक म्हातारा धनगर भेटला. चार शेरडं पुढं घातलेली, ढगळ धोतर, अंगात बंडी, डोक्याला भलंमोठं मुंडासं आणि खांद्यावर घोंगडं. पुढं रानात बायका कांदा काढत होत्या. प्रत्येकीनं साडीवरून घरातल्या कुणाचा तरी जुना, लांब बाह्यांचा शर्ट चढवला होता आणि डोक्याला टॉवेल गुंडाळला होता. त्यानंतर समोरून पळत आला एकोणीस-वीस वर्षांचा पोरगा. अंगात काळं चकचकीत जॅकेट, चेन गळ्यापर्यंत ओढलेली, खाली तसलीच पँट. थांबला तेव्हा जॅकेटच्या मनगटातून घाम ठिबकत होता आणि तोंड लालबुंद झालं होतं.

"एवढ्या उन्हात हे कशाला घातलंयस?" मी विचारलं.

"भरतीचं ग्राउंड जवळ आलंय काका. घाम निघाला पायजे, तेवढंच वजन उतरतंय."

त्याचं ते वाक्य अजून डोक्यातून गेलेलं नाही. ऊन आणि कपडा यांचं सगळं शास्त्र त्याच्या बरोब्बर उलट्या वाक्यात आहे. घाम नुसता निघून उपयोग नसतो, तो अंगावर वाळावा लागतो. ही साधी गोष्ट जगातल्या मोठमोठ्या फौजांना कळायला दीडशे वर्षं लागली आणि त्याची किंमत वर्दीतल्या माणसांनी जिवानं मोजली.

सातारा-सांगलीत वर्दी हा घरातला विषय आहे. साताऱ्याजवळच्या अपशिंगे गावाच्या नावाला 'मिलिटरी' हा शब्द कायमचा चिकटला आहे. पहिल्या महायुद्धात या एका गावातले ४६ जण कामी आले, त्यांची आठवण गावानं दगडी पाटीवर जपली आहे. देशातली पहिली सैनिक शाळा १९६१ साली साताऱ्यात सुरू झाली. तासगाव तालुक्यात तुरचीला पोलीस प्रशिक्षण केंद्र आहे. मराठा लाइट इन्फन्ट्रीचं केंद्र बेळगावात असलं, तरी तिथल्या परेड ग्राउंडवर माण, खटाव, कोरेगाव, जत, आटपाडीची बोली पिढ्यानपिढ्या ऐकू येते. या पट्ट्यात पहाटे कुठल्याही रस्त्यानं निघा, पळणारी पोरं दिसणारच. म्हणून उन्हात काय घालावं हा प्रश्न इथं सेनेचा जेवढा, तेवढाच आपल्या घरचा आहे.

आधी अंगाचा हिशेब बघू. आपल्या शरीराचं आतलं तापमान ३७ अंशांच्या आसपास असतं, कातडीचं साधारण ३५. हवा २५ अंश असेल तर अंगातली उष्णता आपोआप हवेत जाते. पण मे महिन्यात सांगलीत पारा चाळिशीला टेकला की वारा उलटा वाहू लागतो आणि हवाच अंगाला तापवते. वरून सूर्य, खालून डांबर. अशा वेळी अंग थंड ठेवायला शरीराकडे एकच साधन उरतं, ते म्हणजे घाम. एक लिटर घाम कातडीवर वाळला तर जाताना सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. साठ किलो वजनाच्या माणसानं दहा किलोमीटर पळल्यावर अंगात जी उष्णता साठते, ती सगळी उचलून नेण्याइतकी ही ताकद आहे. मात्र घाम वाळला तरच. जो थेंब हनुवटीवरून खाली पडला, जो जॅकेटच्या आत साचला, त्यानं अंगातलं पाणी आणि मीठ नेलं, उष्णता मात्र तिथंच ठेवली.

आता त्या पोराचं जॅकेट डोळ्यांसमोर आणा. पळताना स्नायू जी शक्ती वापरतात तिचा तीन-चतुर्थांश भाग तरी उष्णता होऊन बाहेर पडतो. साठ किलोचा मुलगा तीन किलोमीटर पळला आणि ही उष्णता अजिबात बाहेर पडू दिली नाही, तर त्याच्या अंगाचं तापमान जवळजवळ अडीच अंशांनी चढेल. म्हणजे ३७ वरून थेट चाळिशीच्या उंबरठ्यावर, आणि चाळिशीपलीकडे मेंदूचं काम बिघडू लागतं. प्रत्यक्षात काही उष्णता निसटतेच, म्हणून पोरं बचावतात. कमी झालेलं वजन म्हणजे निव्वळ पाणी असतं. दोन तांबे पाणी प्यालं की ते परत येतं.

कापडाचा भाग समजून घ्यायला घरी एक छोटा प्रयोग करून बघा. माझ्या नात्यातल्या एका निवृत्त हवालदारांच्या ट्रंकेत त्यांची जुनी हिरवी वर्दी आहे, फौजेत तिला 'ओजी' म्हणतात. टेरिकॉटची, इस्त्रीची घडी अजून सुरीसारखी. शेजारी मी त्यांचं धुवट सुती धोतर पसरलं आणि दोन्हींवर बोटानं पाण्याचा एकेक थेंब सोडला. धोतरानं थेंब टेकताक्षणी पिऊन टाकला आणि ओला डाग भोवती पसरला. वर्दीवरचा थेंब मोत्यासारखा तसाच बसून राहिला. बोटानं दाबल्यावर मगच जिरला. साध्या दमट हवेत सुती धागा आपल्या वजनाच्या आठ टक्क्यांपर्यंत ओलावा धरतो, पॉलिस्टरचा धागा अर्धा टक्काही धरत नाही. टेरिकॉट टिकतं, चुरगळत नाही, रंग सोडत नाही, म्हणून साठ-सत्तरच्या दशकांनंतर ते सगळीकडे पसरलं, तसं वर्दीतही आलं. हवालदारकाका सांगतात, राजस्थानात दुपारच्या पहाऱ्याला उभं राहिलं की पाठ पत्र्याला टेकल्यासारखी वाटायची.

पण सगळं श्रेय सुती धाग्याला देऊनही चालणार नाही. सुती कापड घाम पितं आणि धरूनही ठेवतं. दमट हवेत ते अंगाला चिकटतं, जड होतं, मांड्या सोलून काढतं. त्याला खळ घालून कडक इस्त्री केली की धाग्यांमधली भोकं बुजतात आणि वारा आत शिरत नाही. उलट आज खेळाडू घालतात ते पातळ, जाळीदार विणीचे पॉलिस्टर टी-शर्ट घाम पसरवून झटकन वाळवतात. माझं मत असं झालं आहे, की धागा कोणता यापेक्षा वीण किती मोकळी आणि कपडा किती सैल हे आधी बघावं.

सैलपणाचं महत्त्व सांगणारा एक सुंदर अभ्यास १९८० साली 'नेचर' या नियतकालिकात आला होता. वाळवंटातले बेदुईन लोक एवढ्या उन्हात काळे झगे का घालतात, हा प्रश्न होता. काळ्या झग्याचं कापड पांढऱ्यापेक्षा जास्त तापतं हे खरंच निघालं, पण आतल्या कातडीपर्यंत पोचणारी उष्णता दोन्हींत सारखीच होती. झगा ढगळ असल्यानं आतली गरम हवा चुलीच्या धुरासारखी वर चढून गळ्यातून निघून जाते आणि खालून नवी हवा येते. आपल्या धनगराचं धोतर, बंडी आणि अनेक पदरांचं मुंडासं हेच काम करतं. मुंडाशाचे वरचे पदर तापतात, आतल्या पदरांत अडकलेली हवा डोक्यापर्यंत आच येऊ देत नाही. कांदा काढणाऱ्या बायकांचा तो ढगळ शर्टही याच जातीचा. दुसऱ्या महायुद्धात कॅलिफोर्नियाच्या वाळवंटात अमेरिकी शरीरशास्त्रज्ञ ॲडॉल्फ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मोजून पाहिलं होतं, की भर उन्हात उघड्या अंगाचा माणूस कपडे घातलेल्या माणसापेक्षा जास्त तापतो आणि त्याला जास्त घाम गाळावा लागतो. आपल्याकडच्या शेतकरी बाईला हे सांगायला प्रयोगशाळा लागली नाही.

फौजांचा रस्ता मात्र उलटा होता. त्यांनी पोशाख हवेकडे बघून ठरवला नाही, तो विलायतेकडे बघून ठरवला. मराठा लाइट इन्फन्ट्रीची पाळंमुळं १७६८ साली उभ्या राहिलेल्या मुंबईच्या शिपाई पलटणींत आहेत. त्या काळच्या शिपायाच्या कमरेखाली आपला जांघिया होता, डोक्यावर पागोटं होतं आणि मधे तांबड्या बनातीचा कोट. बनात म्हणजे जाड लोकरी कापड. मुंबईच्या दमट हवेत ते अंगात घालून कवायत करायची! १८०६ साली वेल्लोरला तर नव्या धाटणीची टोपी, दाढी काढणं आणि कपाळावरचं गंध पुसणं असे हुकूम निघाले आणि शिपाई उठले. पोशाखाचा नियम शिपायाला न विचारता केला तर काय होतं, हे त्या बंडानं दाखवलं. १८५८ च्या मे महिन्यात कूंच इथं तात्या टोप्यांच्या फौजेशी लढताना ब्रिटिश सेनापती सर ह्यू रोजची गोरी माणसं गोळीनं पडावीत तशी उन्हानं पडली. खुद्द रोजला वारंवार ऊन लागलं.

खाकी आली ती याच सुमाराला. पेशावरला १८४६ साली उभ्या राहिलेल्या गाइड्स पलटणीला ब्रिटिश अधिकारी लम्सडेननं मातीच्या रंगाचे सैल कपडे दिले. 'खाक' म्हणजे फारसीत माती, धूळ. 'जळून खाक झालं' म्हणताना आपण तोच शब्द वापरतो. सत्तावन्नच्या उन्हाळ्यात इतर पलटणींनीही पांढरे सुती कपडे चहा, चिखल, मिळेल त्यात बुडवून मळखाऊ केले. लाल बनातीपेक्षा ते अंगाला हलके होते आणि लांबून दिसत नव्हते. एका बदलात दोन कामं झाली.

पण चुकीच्या समजुती लवकर मरत नाहीत. पटकी पोटाला गारठा लागल्यानं होते असं मानून गोऱ्या सोल्जरांना कमरेला फ्लॅनेलचा पट्टा बांधायला लावत, त्याला 'कॉलरा बेल्ट' म्हणत. पटकीचे जंतू पाण्यातून येतात हे सिद्ध झाल्यावरही तो पट्टा कित्येक दशकं टिकला. सूर्यकिरण पाठीच्या कण्यातून शिरतात म्हणून पाठीवर जाड अस्तराची पट्टी शिवत. अमेरिकी सेनेनं फिलिपिन्समध्ये शेकडो सैनिकांना केशरी-लाल रंगाचे आतले कपडे घालून वर्षभर प्रयोग केला. त्या कपड्यांनी माणसं उलट जास्त उकडली. डोक्याला भेंडाची टोपी नसेल तर गोरा माणूस मरेल, ही समजूत तर दुसऱ्या महायुद्धापर्यंत जिवंत होती. पुढं सैनिकांनी ती टोपी टाकून दिली आणि कुणाचं काही बिघडलं नाही. या प्रत्येक समजुतीनं अंगावर एक थर वाढवला आणि घामाची वाट आणखी बंद केली. त्या पोराचं काळं जॅकेट याच माळेतलं आहे.

सर्वांत कठोर परीक्षा झाली पहिल्या महायुद्धात, मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकात. १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी पुण्याच्या सहाव्या डिव्हिजनबरोबर तिथं लढल्या. कुतच्या वेढ्यात अडकलेली फौज २९ एप्रिल १९१६ ला तुर्कांना शरण आली तेव्हा सुमारे १३,००० माणसं कैद झाली. उपासानं खंगलेल्या त्या शिपायांना ऐन उन्हाळ्यात वाळवंटातून चालवलं गेलं. कितीतरी जण वाटेतच गेले. पुढच्या वर्षी जुलैत रमादीवरचा हल्ला ब्रिटिशांना अर्धवट सोडावा लागला. साडेपाचशेहून अधिक माणसं कामातून गेली, त्यांतली निम्म्याहून जास्त गोळीनं नव्हे, तर उन्हानं आणि तहानेनं. साताऱ्याच्या ज्या घरांतून त्या काळी पोरं 'बसऱ्याला' गेली, त्यांच्या आठवणींत तुर्कांच्या तोफांबरोबर पाण्याची तडफडही असणारच.

दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशात प्रश्न वेगळा होता. तिथं अर्धी चड्डी आणि उघडे हात उकाड्याला बरे, पण संध्याकाळी डास फोडून काढत. १९४३ मध्ये एका जखमी सैनिकामागे १२० सैनिक आजारानं मागं पाठवावे लागत होते, असं जनरल स्लिमनं लिहून ठेवलं आहे. मग नियम झाला: सूर्य मावळला की बाह्या खाली, लांब पँट, आणि हिवतापावरची मेपाक्रिनची गोळी सगळ्यांच्या देखत गिळायची. पाळणूक ढिली असलेल्या पलटणींच्या कमांडिंग ऑफिसरांना त्यानं घरी बसवलं. त्या आधी 'बॉम्बे ब्लूमर' नावाची गुडघ्याखाली सोडता येणारी चड्डीही काढून पाहिली होती, दिवसा वर दुमडायची आणि रात्री खाली सोडून बांधायची. ती फारशी कुणाला आवडली नाही. बाह्यांचा नियम मात्र टिकला, कारण त्यामागचं कारण शिपायाला पटलं होतं.

वर्दीच्या नियमांबद्दल बाहेरच्या माणसाला नेहमी वाटतं, की एवढं उकडतंय तर एक बटण उघडलं तर काय बिघडेल? फौजेत बाह्या दुमडायच्या तर सगळ्यांच्या दुमडतात, उन्हाळी वर्दीवरून हिवाळी वर्दीवर जायचं तर ठरल्या तारखेला सगळी छावणी जाते. आपला माणूस कोण हे धुरळ्यात ओळखता यावं, कुणी वेगळा दिसू नये, शरीर हुकमाला सरावावं, ही कारणं खरी आहेत आणि मला ती पटतात. पण त्यातूनच एक जबाबदारी येते. धनगराला उकडलं तर तो बंडी काढून खांद्यावर टाकतो. पहाऱ्यावरचा जवान, बंदोबस्तातला हवालदार, बारा वाजता संचलनात उभा असलेला एनसीसीचा पोरगा तसं करू शकत नाही. त्यानं आपलं बटण नियमाच्या हवाली केलेलं असतं. म्हणून त्याच्या घामाचा विचार नियम करणाऱ्यानं करायचा असतो.

तो विचार अलीकडे होतो आहे, ही समाधानाची गोष्ट. स्वातंत्र्यानंतर भारतीय सेनेनं खाकी सोडून हिरवा रंग घेतला, खाकी पोलिसांकडे राहिली. १५ जानेवारी २०२२ च्या सेना दिनाला नवी लढाऊ वर्दी दिसली. 'निफ्ट' या संस्थेनं ती तयार केली. कापडात ७० टक्के सूत आणि ३० टक्के पॉलिस्टर, वजनाला हलकं, लवकर वाळणारं. शर्ट पँटमध्ये न खोचता बाहेर सोडायचा. हा शेवटचा बदल दिसायला किरकोळ वाटेल, पण खोचलेला शर्ट म्हणजे तोंड बांधलेलं पोतं. शर्ट बाहेर आला की खालून वारा शिरतो, झग्यात शिरतो तसाच.

कपड्याइतकाच महत्त्वाचा नियम वेळेचा. नुसता पारा बघून धोका कळत नाही. १९५० च्या दशकात अमेरिकी मरीन सैनिक प्रशिक्षणात उन्हानं दगावू लागले, तेव्हा एक नवं माप काढलं गेलं. त्यात ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या थर्मामीटरला ७० टक्के वजन, उन्हात ठेवलेल्या काळ्या गोळ्याला २० टक्के आणि साध्या थर्मामीटरला अवघं १० टक्के. म्हणजे हवेत घाम वाळतो की नाही, यालाच सर्वांत जास्त किंमत. त्या आकड्याप्रमाणे मैदानावर वेगवेगळ्या रंगांचे झेंडे चढतात आणि काळा झेंडा लागला की कसरत बंद. आपल्याकडे हे माप किती उपयोगी पडेल बघा. माणदेशातलं कोरडं ४० अंश आणि कराड-इस्लामपूरच्या उसाच्या पट्ट्यातलं जूनमधलं दमट ३४ अंश यांत पारा पहिलं जास्त वाईट सांगेल. पळणाऱ्याला दुसरंही तितकंच मारक ठरू शकतं.

२०१४ च्या जून महिन्यात मुंबईत पोलीस भरतीच्या वेळी पाच किलोमीटर धावताना काही तरुण उमेदवार दगावले. त्यानंतर अंतर तीन किलोमीटरवर आणलं गेलं. वर हिशेब केला तो आठवा. तीन किलोमीटरला अडीच अंश, तर पाचला चार अंशांच्या वर. मुंबईची जूनची हवा घाम वाळू देत नाही. पोरं गावाकडून रात्रभर प्रवास करून आलेली, झोप नाही, पोटात धड अन्न नाही. अशा वेळी पळण्याची जिद्दच घात करते, कारण थांबावं असं अंग सांगत असतं आणि मन ऐकत नाही.

म्हणून सातारा-सांगलीतल्या, आणि कुठल्याही गावातल्या, भरतीच्या पोरांना आणि त्यांना पळवणाऱ्या अकॅडमीवाल्यांना माझी कळकळीची विनंती आहे. काळी जॅकेटं फेकून द्या. पातळ, फिक्या रंगाचा, सैल कपडा घाला. उन्हाची सवय व्हायला दहा ते चौदा दिवस लागतात, तेवढ्या दिवसांत रोज थोडं थोडं अंतर वाढवा. सवय झालेलं अंग लवकर आणि जास्त घाम सोडतं, त्या घामातून मीठ कमी जातं. मधे दोन-चार आठवडे सराव सुटला तर पुन्हा पहिल्यापासून धरा. पळायच्या आधी आणि नंतर पाणी, ताक, लिंबू-साखर-मिठाचं सरबत घ्या.

आणि सोबतचा एखादा पळता पळता भेलकांडू लागला, असंबद्ध बोलू लागला, कोसळला, तर त्याला घाम येतोय म्हणून निर्धास्त राहू नका. पळणाऱ्याला उष्माघात होतो तेव्हा अंग घामानं भिजलेलंही असू शकतं. लगेच सावलीत घ्या, कपडे उतरवा, बादल्या भरभरून थंड पाणी अंगावर ओता, वारा घाला, मान, काखा आणि जांघेत बर्फ ठेवा. शुद्ध हरपलेली असेल तर तोंडात पाणी घालू नका. एकानं १०८ ला फोन लावावा, बाकीच्यांनी पाणी ओतणं थांबवू नये. गाडी येईपर्यंतची ही दहा-पंधरा मिनिटंच त्याचा जीव वाचवतात.